दुसऱ्याच्या विमानातली उरलेली जागा

रोह्याच्या एस. टी. स्थानकात तुम्ही कधी गाडीची वाट पाहत उभे राहिला असाल, तर एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली नसेल. गाडी लागते, मंडळी रुमाल टाकून जागा धरतात, पिशव्या वर चढतात, मुले खिडकीसाठी भांडतात. हे सगळे स्थिरस्थावर झाले की मग एक खाकी कपड्यातला माणूस सावकाश चढतो. तो या गाडीचा चालक नाही नि वाहकही नाही. दुसऱ्या कुठल्या तरी गाडीवरची आपली पाळी संपवून तो घरी निघालेला असतो. जागा उरली असेल तर बसतो, नाही तर चालकाच्या पाठीमागचा दांडा धरून उभा राहतो. वाटेत एखादी म्हातारी चढली की सांगावे लागत नाही, आपणहून उठतो. आणि घाटात गाडी अडली, की खाली उतरून चाकाला दगड लावणारा पहिला माणूसही तोच!

आपण त्याच्याकडे फारसे लक्ष देत नाही. मला मात्र तो एका फार मोठ्या इतिहासाचा वारस वाटतो. आज तुम्हाला सांगायचे आहे ते त्याच्या आकाशातल्या भावंडांविषयी. विमानावर काम करणारी माणसे, म्हणजे वैमानिक, हवाई सुंदरी, विमानसेवक, ही स्वतः प्रवासाला निघाली आणि त्यांना भलत्याच कंपनीच्या विमानाने परदेशातून घरी यायचे असले, तर ती कशी येतात? त्यांना जागा कोण देतो, आणि कशासाठी देतो?

तुम्ही म्हणाल, रोह्याजवळच्या वरसे गावात बसून या गोष्टीशी आपला काय संबंध? संबंध आहे. मुळात ही सगळी व्यवस्था समजून घ्यायला रोह्याइतके सोयीचे गाव दुसरे नाही.

ते कसे, बघा. पनवेलकडून येणारा लोहमार्ग १९८६ साली रोह्यापर्यंत आला आणि थांबला. पुढे १९९० साली कोकण रेल्वेची स्वतंत्र कंपनी स्थापन झाली, आणि १९९८ च्या २६ जानेवारीला रोह्यापासून कर्नाटकापर्यंतचा ७४१ किलोमीटरचा मार्ग खुला झाला. म्हणजे एका रेल्वेची हद्द रोह्याला संपते आणि दुसरीची सुरू होते. पण मुंबईहून रत्नागिरीला जाणाऱ्या माणसाला हे कळते का? त्याच्या हातात एकच तिकीट असते. कोणत्या रेल्वेने किती पैसे घ्यायचे, हा हिशेब मागाहून कागदावर होतो. प्रवासी आपला डबा उघडून पोळीभाजी खात असतो, आणि त्याला नकळत तो एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती सोपवला जातो.

विमानांच्या जगात या सोपवासोपवीला इंटरलाइन असे नाव आहे. आणि मौज अशी, की आपल्या देशातली टाटांची पहिली हवाई टपाल सेवा हीच मुळी अशा सोपवासोपवीतून जन्मली. १९३२ च्या १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा एक लहानसे पस मॉथ विमान घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले. त्यांच्याजवळ होते ते टपाल. ते आले कुठून? लंडनहून कराचीपर्यंत ते इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीने आणले होते. तिथे टाटांनी ते आपल्या ताब्यात घेतले, आणि मुंबईपासून पुढे बेल्लारी, मद्रास असे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी नेले. एका पत्राने दोन कंपन्यांची विमाने वापरली, तिकीट मात्र एकदाच चिकटवले. त्या सेवेने पहिल्या वर्षात अवघे १५५ प्रवासी नेले. माणसांना अजून विमानाची सवय व्हायची होती, पण कंपन्यांनी एकमेकींचा माल विश्वासाने उचलायची सवय लावून घेतली होती.

हा विश्वास कागदावर आणण्याचे काम एका आंतरराष्ट्रीय संघटनेने केले. विमान कंपन्यांचा पहिला संघ १९१९ साली हेग येथे स्थापन झाला होता. दुसरे महायुद्ध संपत आले तेव्हा, १९४५ च्या एप्रिलमध्ये, क्यूबातील हवाना शहरी त्याची नव्याने उभारणी झाली. तोच आजचा आयाटा. आरंभी ३१ देशांतल्या ५७ कंपन्या त्यात होत्या. आज ही संख्या साडेतीनशेच्या आसपास आहे. १९४७ साली या संघाने एक हिशेबघर उघडले. कोणी कोणाचा किती प्रवासी नेला, कोणाचे कोणाकडे किती निघतात, याची वजाबाकी तिथे होऊ लागली. आपल्याकडे गावातली दोन दुकाने वर्षाअखेर एकमेकांची खाती मिटवतात ना, तसेच. १९५८ साली या संघाचे अध्यक्षपद जे. आर. डी. टाटांकडे आले.

आता १९४८ च्या जून महिन्यातला एक आठवडा डोळ्यांसमोर आणा. १ जूनला पुण्याहून नगरला एस. टी.ची पहिली गाडी सुटली. आणि ८ जूनला मुंबईहून एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान ३५ प्रवासी घेऊन कैरो व जिनीव्हामार्गे लंडनला निघाले. महाराष्ट्राच्या मातीतला रस्ता आणि आकाशातला रस्ता, दोन्ही एकाच आठवड्यात उघडले! पुढे १९५३ साली विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्या वेळी देशाचे अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, ज्यांचे बालपण आपल्या रोह्यात गेले. देशातल्या देशात उडणाऱ्या आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशन बनवण्यात आले. काल जो दुसऱ्या कंपनीचा माणूस होता, तो आज घरचा झाला. परदेशी मार्गांवर मात्र दुसऱ्याचे विमान हे दुसऱ्याचेच राहिले, आणि म्हणून तिथे करारमदारांची गरज वाढत गेली.

दुसऱ्याच्या वाहनाने कामावर जाणे हे कोकणाला मुळीच नवे नाही. आगबोटीवरचा खलाशी आपल्या बोटीपर्यंत पोचायचा कसा? पूर्वी तो दुसऱ्या बोटीने जाई, आणि विमाने आल्यावर विमानाने जाऊ लागला. १९५० च्या ३ नोव्हेंबरला तेच ‘मलबार प्रिन्सेस’ आल्प्स पर्वतातल्या माँ ब्लाँ शिखरावर आदळले आणि ४८ माणसे गेली. त्यांतले बहुतेक प्रवासी होते इंग्लंडमध्ये बोटीवर रुजू व्हायला निघालेले हिंदी खलाशी. १९६६ च्या २४ जानेवारीला त्याच पर्वतावर एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोइंग कोसळले. त्या ११७ जणांत डॉ. होमी भाभा होते, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्याही विमानात कितीतरी खलाशी होते, हे आपण विसरून जातो. वाहन चालवणारी माणसेसुद्धा अर्धे आयुष्य दुसऱ्याच्या वाहनात बसून काढतात, आणि त्यातला धोकाही इतरांइतकाच सोसतात.

असो. आता मुख्य प्रश्नाकडे वळू. विमान कंपनीचा माणूस विमानात परका म्हणून बसतो तो दोन प्रकारांनी. पहिला प्रकार कामाचा. मुंबईचे विमान लंडनला जायचे, तर एकच तुकडी किती तास काम करणार? पूर्वी मध्ये कुठे तरी ताजी तुकडी चढवावी लागे, आणि ती तुकडी त्या गावी आधी पोचवावी लागे. तेव्हा कंपनी आपल्या माणसांना प्रवासी म्हणून पाठवते. यात जागा पक्की असते.

दुसरा प्रकार खाजगी प्रवासाचा. सुट्टी आहे, घरी जायचे आहे. कंपन्यांनी आपसांत करार केले, की तुमच्या माणसांना आम्ही आमच्या विमानात अल्प दरात नेऊ, आमच्या माणसांना तुम्ही न्या. पण अट एक: जागा उरली तर! यालाच स्टँडबाय म्हणतात. पूर्वी नेहमीच्या भाड्यातून निम्मे, पाऊण किंवा नव्वद टक्के वजा करून हे तिकीट देत. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात अंतरानुसार ठरावीक रकमा आकारण्याची पद्धत आली, म्हणजे इतक्या मैलांपर्यंत इतके पैसे, हंगाम असो वा नसो. तिला झेड अशा छोट्या नावाने ओळखतात.

कंपन्यांना हे परवडते कसे, असे तुम्ही विचाराल. संध्याकाळच्या मासळीबाजाराची आठवण करा. दिवे लागले, गिऱ्हाईक गेले, पाटीत चार बोंबील उरले. कोळीण ते शेजारणीला नाममात्र पैशांत देऊन टाकते, कारण उद्या त्यांची किंमत शून्य. विमानातली खुर्ची याहूनही नाशवंत. दार बंद झाले त्या क्षणी रिकाम्या खुर्चीचे मोल संपले. ती शेजाऱ्याला दिली तर आपले काही जात नाही, आणि उद्या शेजारी आपल्या माणसाला उपाशी ठेवणार नाही. हा व्यवहारच आहे. त्यात उपकार कोणाचा कोणावरही नाही.

परंतु त्या खुर्चीत बसणाऱ्याच्या बाजूने पाहिले, तर चित्र निराळे दिसते. समजा, वरसे गावची एक मुलगी दुबईच्या एखाद्या कंपनीत हवाई सुंदरी आहे. आज महाराष्ट्रातली कितीतरी मुलेमुली आखाती कंपन्यांत अशी काम करतात, तेव्हा ही कल्पना काही फार दूरची नाही. गणपती उद्यावर आलेत. तिला चार दिवसांची सुट्टी मिळाली आहे. तिच्या स्वतःच्या कंपनीचे मुंबईचे विमान गच्च भरले आहे, म्हणून ती दुसऱ्या कंपनीच्या खिडकीशी जाते. तिचे नाव यादीत आहे. पण यादीत असणे म्हणजे विमानात असणे नव्हे, बरं का!

आधी पूर्ण भाड्याचे प्रवासी. मग त्या कंपनीची स्वतःची माणसे, तीही ठरलेल्या अग्रक्रमाने. त्यानंतर परक्या कंपन्यांची. आधी घरचे, मग पाहुणे, हा न्याय तिथेही चालतो. ती दाराजवळच्या बाकावर नीटनेटके कपडे करून बसते, कारण कपड्यांविषयी अटी असतात. सामान मोजके, कारण आयत्या वेळी ते चढवायला सवड नसते. ती कोणाकडे तक्रार करत नाही, गयावया करत नाही. पुन्हा पुन्हा खिडकीशी जाऊन विचारतही नाही. खिडकीमागे बसलेली बाई तिच्याच व्यवसायातली आहे; उद्या ती दुबईला अडकली तर हिच्याच कंपनीच्या दाराशी येऊन बसणार आहे.

एकामागून एक प्रवासी आत जातात. शेवटचा धावत आलेला माणूसही आत जातो. मग तिचे नाव पुकारले जाते, किंवा जात नाही.

पुकारले, तर तीन तासांत ती मुंबईत उतरते, आणि आरतीला वरश्यात असते. नाही पुकारले, तर पुढचे विमान, मग त्याच्या पुढचे. आणि चार दिवस संपल्यावर परतीची तीच परीक्षा पुन्हा! परतताना जागा मिळाली नाही म्हणून ती कामावर वेळेत पोचली नाही, तर दोष तिचाच धरला जातो. म्हणून जाणती माणसे खिशात पूर्ण भाड्याचे पैसे ठेवूनच निघतात. स्वस्त तिकीट कधी कधी सगळ्यांत महाग पडते ते असे. आपण घरी बसून म्हणतो, ‘तिचं काय, तिला विमान फुकट!’ तिची आई मात्र दर गणपतीला दोन्ही शक्यतांचा स्वयंपाक करून ठेवते.

ही सगळी इमारत उभी आहे ती विश्वासावर, आणि हा विश्वास जेव्हा जेव्हा मोडला तेव्हा त्याची किंमत सर्वांना मोजावी लागली. १९८७ च्या ७ डिसेंबरला अमेरिकेत कॅलिफोर्नियात एक विमान कोसळून ४३ माणसे ठार झाली. विमान पी. एस. ए. या कंपनीचे होते, आणि ती कंपनी यू. एस. एअरने नुकतीच विकत घेतली होती. यू. एस. एअरने बडतर्फ केलेला एक नोकर त्यात पिस्तूल घेऊन चढला होता. त्याची झडती का झाली नाही? त्याच्यापाशी कर्मचाऱ्याचे ओळखपत्र होते, म्हणून. त्यानंतर नियम झाले: नोकरी सुटली की ओळखपत्र ताबडतोब परत घ्यायचे, आणि गणवेश असला तरी झडती चुकवायची नाही.

पुढे २००१ च्या ११ सप्टेंबरचा घात झाला. वैमानिकांच्या कक्षात एक जादा घडीची खुर्ची असते, तिला जंप सीट म्हणतात. व्यवसायबंधू म्हणून दुसऱ्या कंपनीच्या वैमानिकाला तिथे बसवून घेण्याची रीत होती. त्या दिवसानंतर ही दारे पोलादी झाली, आणि परदेशी पाहुण्याला ती जवळजवळ बंदच झाली. आपल्याकडेही याबाबत कडक शिस्त आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत दुबई–दिल्ली विमानात एका वैमानिकाने प्रवासी म्हणून आलेल्या मैत्रिणीला कक्षात बसवून घेतले. ती त्याच कंपनीत नोकरीला होती, तरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्याचा परवाना तीन महिने निलंबित केला आणि एअर इंडियाला ३० लाख रुपये दंड केला. आपल्याच माणसाचे ओळखपत्र ही त्या दाराची किल्ली नव्हे, हा त्यातला धडा.

मग ही जादा खुर्ची निरुपयोगीच का? तसे नाही. २०१८ च्या २८ ऑक्टोबरला इंडोनेशियात लायन एअरचे एक विमान उडाल्याबरोबर नाक खाली घालू लागले. कक्षातल्या जादा खुर्चीवर त्या वेळी कामावर नसलेला एक वैमानिक बसला होता. दोघे वैमानिक झगडत असताना त्या तिसऱ्याच्या मदतीने बिघाड करणारी यंत्रणा बंद करण्यात आली, आणि विमान सुखरूप उतरले. दुसऱ्या दिवशी तेच विमान निराळी तुकडी घेऊन उडाले, तेव्हा ती खुर्ची सांभाळणारा असा कोणी नव्हता. विमान समुद्रात पडले आणि १८९ जीव गेले. घाटात चाकाला दगड लावणाऱ्या आपल्या खाकी पाहुण्याची आठवण होते ती इथे.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. ही सवलत नोकरीबरोबर येते, आणि नोकरीबरोबरच जाते. मुंबईत १९९३ साली सुरू झालेल्या जेट एअरवेजने २०१९ च्या १७ एप्रिलला आपली उड्डाणे थांबवली. हजारो माणसांचे पगार थकले, हे वर्तमानपत्रांत आले. पण त्यांच्या गळ्यातले ओळखपत्रही त्या रात्री निव्वळ कागद झाले, याची बातमी कोण देणार? करार असतो तो दोन चालत्या कंपन्यांचा. मी तुझ्या माणसाला नेईन, तू माझ्या माणसाला ने, असा. ज्या कंपनीचे विमानच उडत नाही, तिच्यापाशी बदल्यात द्यायला रिकामी खुर्ची कुठून येणार? काल ज्या दाराशी ही माणसे बंधू म्हणून उभी राहत, तिथे आज ती पूर्ण भाड्याचे गिऱ्हाईक झाली. २०२० साली महामारी आली तेव्हा तर चालत्या कंपन्यांचीही तीच गत झाली; देशातली प्रवासी उड्डाणे दोन महिने बंद राहिली, आणि सवलत हातात असून जाणार कशाने, असा प्रसंग आला.

म्हणून, वाचकहो, मला यातून एकच गोष्ट तुमच्यापुढे ठेवायची आहे. उरलेली जागा ही भीक नव्हे आणि चैनही नव्हे. एक धंदा करणाऱ्या माणसांनी एकमेकांना दिलेला तो शब्द आहे. परतफेड करू शकेल त्यालाच तो मिळतो, हा त्याचा कठोर भाग. आणि जो शेवटी चढायला तयार आहे, उठायला सांगितले तर उठायला तयार आहे, आणि वेळ पडली तर हात लावायला तयार आहे, त्यालाच तो शोभतो, हा त्याचा सुंदर भाग. करार कागदावर झाले ते मागाहून. पण परक्या गलबतावर चढलेला खलाशी दोराला हात लावल्यावाचून बसून राहील, असे कुंडलिकेच्या खाडीकाठच्या कोणाला तरी पटेल का?

पुढच्या गणपतीत रोहे स्थानकावर एखादी मुलगी लहानशी बॅग घेऊन, झोपेने डोळे जड झालेली, गाडीतून उतरताना दिसली, तर ‘आलीस का गं? जागा मिळाली वाटतं,’ एवढेच तिला म्हणा. फुकट विमानाची चौकशी करू नका. ती कितव्या विमानाने आली, हे तिचे तिलाच ठाऊक.